पाटनूरकर काकांचं लिनक्स

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात माणूस आला की पहिली दोन मिनिटं फोनबद्दल बोलतो आणि पुढची वीस मिनिटं भलत्याच कशाबद्दल तरी. फोन दुरुस्त झाला की तो घेऊन जातो, बोललेलं मात्र इथंच ठेवून जातो. पुंडलिकनगरातल्या आमच्या गाळ्यात सहा वर्षांत असं इतकं साठलंय की माहेरी गेले आणि बहिणी-भावजया जमल्या की म्हणतात, "मंगल, दुकानातलं सांग." त्यातलं निम्मं पाटनूरकर काकांचं निघतं. म्हणून आधी काका कोण ते सांगते.

मी मूळची पिशोरची. नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली म्हणून शहरात आलो, मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला आणि हा गाळा घेतला. गाळ्याच्या वर काका आणि काकू राहतात, घर त्यांचंच. काका एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले, आणि त्यातही लिनक्स शिकले. लिनक्स म्हणजे विंडोज काढून त्या जागी टाकता येते अशी दुसरी सिस्टीम, एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

आणखी एक सांगायला पाहिजे. फोन लोगोवर अडकला, पुढंच जाईना, की त्याच्या आतली सिस्टीम पुसून नवी भरावी लागते. त्याला आमच्या लाईनमधे फ्लॅश मारणं म्हणतात. कॉम्प्युटरवर त्याचं सॉफ्टवेअर लागतं, फोनला केबल लागते, आणि फोनमधे जे काही होतं ते सगळं जातं.

* * *

आमचा जुना कॉम्प्युटर विंडोजचा होता. फ्लॅशचं सॉफ्टवेअर मी कुठल्यातरी साईटवरून उतरवलं होतं. ते चाललं, पण त्याच्यासोबत आणखी काय काय आलं. दर दहा मिनिटांनी स्क्रीनवर एक बाई यायची आणि मोठ्यानं म्हणायची, "अभिनंदन!" काय जिंकलं ते कधी सांगायची नाही. आवाज बंद केला तरी बंद व्हायचा नाही. मला तिची सवय झाली होती.

एकदा एक गृहस्थ पाण्यात पडलेला फोन घेऊन आले. नवाच होता, मुलानं वाढदिवसाला दिलेला. मी खोलून बघितला तर बोर्ड पूर्ण गेलेला. आता यांना कसं सांगावं, या विचारात मी मान वर केली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "अभिनंदन!"

गृहस्थांनी झाकण स्वतःच बसवलं. फोन उचलला आणि गेले.

त्याच संध्याकाळी काकू जिना उतरून खाली आल्या. ती बाई वरपर्यंत ऐकू येते म्हणाल्या. मी माफी मागितली. मग त्या जरा जवळ सरकल्या. म्हणाल्या, "आमच्या ह्यांना तुमच्या कॉम्प्युटरला हात लावू द्या. कणीक कशी भिजवायची तेही सांगायला लागलेत मला आता."

* * *

दुसऱ्या दिवशी काका पेनड्राइव्ह, दोन चष्मे आणि एक दोनशेपानी वही घेऊन हजर. मी वयानं लहान असून ते मला मंगलताई म्हणतात, अहो-जाहो करतात. दुपारपर्यंत विंडोज गेलं आणि लिनक्स आलं. बाई गेली. दुकान इतकं शांत झालं की शेजारचा झेरॉक्सवाला येऊन विचारून गेला, आज बंद आहे का.

काका जेवायला वर गेले. जाताना सांगून गेले की फ्लॅशचं सॉफ्टवेअर टाकायची कमांड वहीत लिहिली आहे, बघून टाईप करा, पासवर्ड विचारेल तो द्या.

मी कमांड टाईप केली. पासवर्ड विचारला. मी टाईप करायला लागले तर स्क्रीनवर एक अक्षर उमटेना. अक्षर सोडा, टिंबही नाही.

मी हार्डवेअरची बाई. म्हटलं, कीबोर्ड गेला. उलटा केला, स्क्रू काढले, एकूण एक बटन काढलं, ब्रश मारला, आतली फिल्म स्पिरिटनं पुसली, सगळं परत बसवलं. पुन्हा टाईप केलं. काही नाही. दुसऱ्यांदा खोलायला घेतला तेव्हा काका बडीशेप चावत आले. मी सांगितलं, कीबोर्ड मेलाय, नवा आणावा लागेल. त्यांनी उभ्याउभ्याच पासवर्ड टाईप केला, एंटर मारलं, आणि सॉफ्टवेअर उतरायला लागलं.

"लिनक्समधे पासवर्ड दिसत नसतो, मंगलताई," ते म्हणाले. "दिसत नाही, पण पोचतो."

बटनं बसवताना एम आणि एनची अदलाबदल झाली होती. ती अजून तशीच आहे. आता मला बाकीच्यांचे कीबोर्ड चुकलेले वाटतात.

* * *

सॉफ्टवेअर टाकून झालं. पहिला फोन लावला. स्क्रीनवर आलं, परमिशन डिनाइड, म्हणजे परवानगी नाकारली. माझं तोंड उतरलं. काकांचं मात्र खुललं. इतक्या वर्षांनी त्यांना कोणीतरी आपल्या खात्यातलं भेटलं होतं.

"बरोबरच आहे त्याचं," ते म्हणाले. "फोन कोणाचा, लावला कोणी, कोणाला विचारून लावला, काही नोंद आहे का? ते का म्हणून हात लावू देईल?"

मग त्यांनी समजावलं. यूएसबीला लावलेल्या यंत्राशी बोलायचं तर लिनक्समधे आधी एका ग्रुपचं सभासद व्हावं लागतं. शिवाय कुठल्या फोनला कोणी हात लावायचा, त्याचे नियम एका फाईलमधे लिहून ठेवावे लागतात. नियम लिहायचे म्हटल्यावर काकांनी दोन दिवस घेतले. नियम चार ओळींचे होते. मला ग्रुपचं सभासद करून घेतलं. फोन लावला. परमिशन डिनाइड.

तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंग आणून स्वल्पविराम तपासले. सगळे जागच्या जागी. मी म्हटलं, काका, ती बाई परवडली. त्यांनी भिंग पुसलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

दुपारी लाइट गेली. तासाभरानं आली. कॉम्प्युटर चालू केला, कोणी बोटही न लावता फोन लगेच सापडला.

काकांनी वाचून काढलं तेव्हा कळलं, सभासद झालेला माणूस एकदा बाहेर पडून पुन्हा आत आला, की मगच लिनक्स त्याला सभासद मानतं. आम्ही तीन दिवस कॉम्प्युटर बंदच केला नव्हता. काकांनी वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं: 'सदस्यत्व मंजूर. अंमल पुढील हजेरीपासून.'

* * *

पूर्ण बंद पडलेला फोन केबलला लावला की दोन-तीन सेकंदच जागा होतो. तेवढ्यात सॉफ्टवेअरनं त्याला धरायचं असतं. आमचं सॉफ्टवेअर धरायला जायचं, तोवर तिथं दुसरंच कोणीतरी पोचलेलं असायचं.

काकांनी दोन दिवस वाचून छडा लावला. लिनक्समधे मोडेम मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम असतो. कुठलंही यंत्र लावा, हा मोडेमच, म्हणजे इंटरनेट जोडून देणारं यंत्रच, असणार असं समजून तो आधी जाऊन त्याची विचारपूस करतो. त्याची विचारपूस होईपर्यंत फोन परत झोपलेला.

काका म्हणाले, त्यांच्या कचेरीच्या दारात असाच एक शिपाई होता. आलेल्या माणसाला गाव, काम, घरी कोण कोण, सगळं विचारायचा, आणि त्याचं संपेपर्यंत साहेब उठून गेलेले असायचे. त्या शिपायाचं काकांना आयुष्यभर काही करता आलं नाही. मोडेम मॅनेजर मात्र त्यांनी मुळासकट काढला. एंटर मारताना ते किंचित हसले, मी बघितलं.

एंटर मारलं आणि इंटरनेट बंद पडलं.

दुकानाचं इंटरनेट डोंगलवर होतं. डोंगल म्हणजे मोडेमच, आणि त्याला सांभाळत होता मोडेम मॅनेजर. काका दोन मिनिटं स्क्रीनकडं बघत राहिले. मग त्यांनी मोडेम मॅनेजर परत टाकायची कमांड मारली. कॉम्प्युटर म्हणाला, आधी इंटरनेट जोडा.

काकांनी वही मिटली. "चहा सांगा," म्हणाले.

* * *

मोडेम मॅनेजर काढायचा नाही, फोन लावताना तेवढा थांबवायचा, हे शहाणपण आल्यावर आमचं बरं चाललं. त्या सुमाराला माझे चुलते, आमचे नाना, पिशोरहून पहिल्या एसटीनं आले. त्यांचा फोन लोगोवर अडकला होता, आणि विहिरीवरची मोटर ते फोनवरून चालू-बंद करायचे. फोन बंद म्हणजे दर वेळेला रानात चक्कर.

मी फोन लावला, कमांड मारली. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथंच थांबली. नानांनी विचारलं, काय म्हणतंय. मी सांगितलं, फोनची वाट बघतंय.

"बघू दे," नाना म्हणाले. "मी बी बसतो."

ते स्टुलावर बसले. मी पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, बदलून बघितला. काकांनी नियमांची फाईल उघडून वाचली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मोडेम मॅनेजर थांबवलाय का बघितलं. ओळ तिथंच. दोन तास गेले. नानांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. काका त्यांना म्हणाले, तुम्ही जेवून या. नाना म्हणाले, नाय, त्यानं वाट बघायची आन् मी जेवायचं, बरं दिसत नाय.

शेवटी नानांनीच विचारलं, "मंगल, फोन आलाय म्हणून त्याला कुणी सांगितलंय का नाय?"

काकांचा हात थांबला. त्यांनी केबल हातात घेतली, दोन्ही टोकं बघितली, काढून ठेवली आणि ड्रॉवरमधली दुसरी लावली. फोन लगेच सापडला. पहिली केबल नुसती चार्जिंगची होती. तिच्यातून करंट जातो, बाकी काही जात नाही. मी हे नानांना नीट उलगडून सांगितलं.

नानांनी मान हलवली. "म्हंजी निरोप्याच मुका व्हता."

* * *

सगळेच किस्से हसण्यावारी गेले असं नाही. सुरेखा नावाची एक पोरगी बिडकीनकडच्या एका कारखान्यात कामाला जायची. तिची हजेरी फोनवरच लागायची. गेटवर उभं राहून ॲपमधे फोटो काढायचा, मग आत. फोन लोगोवर अडकला म्हणून सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडं आली. साधं काम होतं. लावला, सुरू झालं. साठ टक्क्यांवर लाइट गेली.

अर्धवट पुसलेला आणि अर्धवट भरलेला फोन म्हणजे काय, ते मला माहीत होतं. लाइट आल्यावर बघितलं तर आता लोगोही येत नव्हता. पडदा काळा. सुरेखा माझ्याकडं बघत होती. मी तिला खरं ते सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, की कायम करायची यादी याच महिन्यात लागणार आहे आणि आजवर तिची एकही गैरहजेरी नाही. 

काका वही चाळत होते. म्हणाले, एक रस्ता आहे. आवाज वाढवायचं आणि कमी करायचं, दोन्ही बटनं दाबून धरायची आणि तशीच केबल लावायची. फोन कितीही मेलेला असला तरी क्षणभर जागा होतो. पण हात कमी पडत होते. काका कीबोर्डवर. फोनचा पोर्ट ढिला, म्हणून मी केबल एका कोनात धरून. बटनं दाबायला सुरेखा.

पहिल्या खेपेला नाही. पाचव्या खेपेला नाही. मी मनातल्या मनात पिशोरच्या सगळ्या देवांची नावं घेतली. कितव्या खेपेला कोण जाणे, सापडला. मग आम्ही तिघं त्या टक्क्यांकडं बघत राहिलो. साठला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा एकसष्ट होतं. शंभर झालं आणि हिरवी खूण आली.

काका पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले. मी डोळे पुसले. रसवंतीवाल्याला हाक मारून तीन ग्लास सांगितले. रस आला. काकांनी घेतला, मी घेतला. सुरेखाचा ग्लास तिच्यासमोर तसाच. मी म्हटलं, घे की गं.

ती म्हणाली, "ताई, बटनं सोडू का आता?"

ती कायम झाली. पेढे घेऊन आली होती.

* * *

त्यानंतर काकांनी दोन गोष्टी केल्या. घरच्या इन्व्हर्टरची एक वायर खाली आणून दिली आणि गिऱ्हाइकासाठी एक फॉर्म काढला. 'मोबाईलमधील सर्व मजकूर कायमचा नष्ट होईल याची मला पूर्ण कल्पना आहे.' खाली रकाने: मजकुराचे स्वरूप, बॅकअप घेतला आहे किंवा नाही, सही. लोक न वाचता सही करायचे. काकांना त्याचं फार वाईट वाटायचं.

एक रिटायर्ड शिक्षिका आल्या. त्यांनी मात्र फॉर्म वाचला. पर्समधून लाल पेन काढून पुन्हा वाचला. सात ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक वाक्य खोडून सुटसुटीत करून दिलं, समासात 'प्रयत्न चांगला' असं लिहिलं आणि फोन ठेवून निघून गेल्या. सही करायची राहिली.

काकांनी तो कागद काउंटरच्या काचेखाली ठेवलाय.

* * *

आणि मग काकांचाच फोन लोगोवर अडकला.

येणाऱ्या प्रत्येकाला बॅकअप घेतला का, म्हणून झापणारा माणूस. ते खाली आले, माझ्याकडून कोरा फॉर्म मागून घेतला आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला उभं राहून भरायला लागले. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. बॅकअपच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. मजकुराचे स्वरूप, इथं त्यांचं पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि फोन घेऊन वर गेले.

आठ दिवस ते बिनफोनचे. मी विचारलं की म्हणायचे, विचाराधीन आहे. मी जेवायला गेले की तेवढ्यात ते खाली यायचे, फोन लावायचे, पुसण्याआधी आतलं काही काढून घेता येतं का बघायचे. मी एकदा लवकर परत आले तर स्क्रीनवर तेच होतं, परमिशन डिनाइड. काका पाठमोरे बसले होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला.

"नियम आहे, मान्य," ते म्हणाले. "पण एखाद्याला एखाद्या वेळेला सोडावं की नाही?"

मी या माणसाच्या तोंडून असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.  मी उगाच कपाट आवरायला घेतलं.

पुढच्या सोमवारी काका हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. त्यांची पाठ वळली तशा काकू खाली आल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात तो घडी केलेला फॉर्म. फोन माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, करून टाका. मी म्हटलं, काकू, काकांना विचारल्याशिवाय कसं करू? त्या म्हणाल्या, त्यांच्याच्यानं व्हायचं नाही ते, आठ दिवस नीट जेवले नाहीत.

मी विचारलं, त्यात आहे तरी काय?

काकूंनी माझं पेन घेतलं, रिकामा रकाना शोधला आणि सावकाश लिहिलं: 'माझे फोटो'.

मग त्यांनी सांगितलं. रिटायर झाल्या दिवसापासून रोज एक. मटार सोलताना, वाळवण घालताना, दुपारी आडव्या झाल्यावर तोंड उघडं पडलेलं असताना. कितीदा सांगितलं नका काढू, ऐकलं नाही. "एक फोटो धड असेल तर शपथ," म्हणाल्या आणि खाली सही केली.

मी केबल लावली, कमांड लिहिली. एंटरवर माझं बोट जाईना. काकूंनी वाकून बघितलं, कुठलं बटन म्हणून विचारलं, आणि स्वतः दाबलं. मग कुकर लावायचाय म्हणून वर गेल्या.

सत्तर टक्के झाले तेव्हा काका परत आले. दारातूनच त्यांना केबल दिसली. ते काउंटरजवळ येऊन उभे राहिले.  मी फॉर्म त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. शंभर झालं. फोन थरथरला, उजेड आला आणि तो विचारायला लागला, भाषा कोणती.

काकांनी मराठी निवडली. फोन घेऊन जिना चढून वर गेले.

मी खाली केबल गुंडाळत होते. पाचेक मिनिटांनी वरून काकूंचा आवाज आला.

"अहो, थांबा की. केस तरी विंचरू द्या."